नायट्रॉक्सच्या सिलिंडरची ओ-रिंग पुन्हा पुन्हा जाते, तेव्हा काय बघायचं

संध्याकाळी २०० बार भरून ठेवलेलं नायट्रॉक्सचं (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या, डायव्हिंगच्या मिश्रणाचं) सिलिंडर सकाळी १७० दाखवतं. व्हॉल्व्हची ओ-रिंग, म्हणजे वायू अडवणारी गोल रबरी कडी, बदलली की आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग परत तेच. कुणीतरी सांगतं, व्हायटॉन जातीच्या रबराची घाला, मग बघायला नको. व्हायटॉन घालूनही महिन्याभरात नॉबखालून बुडबुडे यायला लागतात. हीच तक्रार घेऊन गेल्या काही पावसाळ्यांत माझ्याकडे इतके व्हॉल्व्ह आले, की एकदा सगळं नीट लिहून काढावं असं वाटलं.

माझं मूळ काम हायड्रॉलिकचं. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे, उद्यमबागेत छोटं वर्कशॉप आहे. जॅक, पॉवर पॅक, प्रेसचे सिलिंडर यांचे सील बदलण्यात उमेदीची वर्षं गेली. आपल्याकडे समुद्र नाही, पण आंबोली उतरलं की मालवण-तारकर्ली आणि चोर्ला उतरलं की गोवा. पावसाळ्यात खाली डायव्हिंग बंद असतं. त्या दिवसांत रेग्युलेटर (सिलिंडरचा दाब उतरवून डायव्हरला श्वास पुरवणारं यंत्र) आणि व्हॉल्व्ह घाट चढून वर येतात, आणि गणपतीपर्यंत सगळं दुरुस्त होऊन परत खाली जायला हवं असतं. ऑक्सिजनच्या सामानाला हात लावण्याआधी मी त्याचं वेगळं शिक्षण घेतलं. कारण हायड्रॉलिकमध्ये जे पुण्य, ते इथे पाप आहे. तिथे तेल लावल्याशिवाय सील बसवायचा नाही, इथे तेलाचा थेंब लागला तर तो भाग बाजूला ठेवायचा.

बेळगावात रबरी रिंग मिळत नाही असं कधी होत नाही. फाउंड्री, पंप, वाहनांचे सुटे भाग, हायड्रॉलिक, सगळ्यांनाच ती लागते. पाच मिनिटांत कुठल्याही मापाची मिळते आणि बसतेही. खरा धोका तिथेच आहे, कारण काळी रिंग स्वतःबद्दल काहीच सांगत नाही. ती नायट्राइल असू शकते, ईपीडीएम असू शकते, व्हायटॉनही असू शकते, या सगळ्या रबराच्या वेगवेगळ्या जाती. तिघी डब्यात शेजारी पडल्या तर डोळ्यांनी ओळखता येत नाहीत.

आधी गळती कुठून आहे ते ठरवा

रिंग काढायच्या आधी सिलिंडर हौदात बुडवा. पाणी स्वच्छ हवं, साबण नको. भांड्याच्या साबणात काय काय मिसळलेलं असतं ते आपल्या हातात नसतं. व्हॉल्व्ह बंद असताना तोंडातून बुडबुडे येत असतील तर दोष सीटमध्ये, म्हणजे वाट बंद करणाऱ्या आतल्या गादीत आहे. ओ-रिंग कितीही बदला, तो जाणार नाही. रेग्युलेटर लावून व्हॉल्व्ह उघडल्यावर नॉबच्या खालून येत असतील तर नॉबच्या दांड्याची रिंग. मानेतून, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरला मिळतो तिथून येत असतील तर मानेची रिंग किंवा तिचं घर, म्हणजे ती बसते ती खाच. रेग्युलेटर लावल्यावर जोडापाशी गळत असेल तर तोंडावरची रिंग.

सीटबद्दल एक सांगतो. पुष्कळ जण बोअरवेलचा कॉक आवळावा तसा नॉब आवळतात. आतली सीट प्लास्टिकची असते. ती दबते, तिच्यावर वर्तुळाकार खड्डा पडतो, मग अजून आवळावं लागतं. माझ्याकडे "रिंग जाते" म्हणून आलेल्या व्हॉल्व्हांपैकी काहींची रिंग अगदी ठणठणीत होती.

एकच व्हॉल्व्ह, चार फेऱ्या

मालवणचा एक डायव्हिंगवाला आहे, तरुण पोरगा, कामाला प्रामाणिक. त्याच्या एका सिलिंडरने मला जे शिकवलं ते क्रमाने सांगतो. वारंवार येणारा दोष बहुतेक वेळा एक नसतोच. एकाच्या आड दुसरा दडलेला असतो.

पहिल्या फेरीला गळती रेग्युलेटरच्या तोंडाशी होती. डिन पद्धतीचं तोंड (रेग्युलेटर आट्याने आत बसतो ते), त्याला बहुधा ११२ नंबरची रिंग लागते: आतला व्यास १२.३७ मिमी, जाडी २.६२ मिमी. त्याने बसवलेली रिंग व्हर्नियरला २.५ आली. आपल्या बाजारात मिलिमीटरच्या मापाच्या रिंगा जास्त चालतात, आणि २.५ आणि २.६२ यातला फरक हाताला कळत नाही. पण अशा रिंगेचा आवळच, म्हणजे बसल्यावर ती जितकी दबते ते, मुळात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा असतो, त्यातले ०.१२ आधीच गेले. त्यात २०० बारचा दाब. रिंग फटीत सरकते आणि तिची कड कुरतडल्यासारखी होते. उंदराने भाकरीची कड खावी तशी दिसते. मापाची रिंग घातली, गळती थांबली. योक पद्धतीच्या (रेग्युलेटर बाहेरून शिकंज्याने आवळतात त्या) व्हॉल्व्हवर बहुधा ०१४ नंबर असतो, जाडी १.७८. तिथे लोक १.८ ची घालतात आणि ती बहुतेक चालून जाते. म्हणूनच २.५ सुद्धा चालेल असं त्यांना वाटतं.

पंधरा दिवसांत फोन आला, "काका, परत गळता आसा." आता नॉबखालून. व्हॉल्व्ह उघडला तर दांड्याची रिंग फुगलेली, मऊ, बोटाने दाबली तर रबरी बाहुलीसारखी. घरातून बाहेर काढल्यावर परत आत जाईना इतकी वाढलेली. ती कंपनीच्या किटमधली ईपीडीएमची रिंग होती, ऑक्सिजनसाठी योग्य होती, तिच्यात दोष नव्हता. मी विचारलं, बसवताना काय लावलंस? तो म्हणाला, व्हॅसलिन.

तो फोन मला अजून आठवतो. व्हॅसलिन म्हणजे खनिज तेलाचाच भाऊ. ईपीडीएमला खनिज तेल, ग्रीस, डिझेल यांतलं काहीही सोसत नाही, ती शोषून घेते आणि फुगते. पण रिंग फुगली हे किरकोळ. हा पोरगा त्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून वर हवा भरून घेत होता. म्हणजे व्हॅसलिन लावलेल्या व्हॉल्व्हमधून शंभर टक्के ऑक्सिजन दाबाने जात होता. मी त्याला म्हटलं, आत्ता या क्षणापासून एकाही सिलिंडरमध्ये ऑक्सिजन सोडायचा नाही, सगळे व्हॉल्व्ह वर पाठव. त्याने पाठवले. अकरा होते, त्यातल्या सहांत व्हॅसलिन निघालं.

गळती हा लहान प्रश्न आहे

म्हणून इथे थांबून आगीबद्दल लिहितो, बाकीच्या फेऱ्या नंतर.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा झपकन दाबतो, ती दाबल्यानेच तापते आणि डिझेल पेट घेतं. उद्यमबागेत हे कुणाला शिकवावं लागत नाही. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की नेमकं हेच होतं. २०० बारचा वायू समोरच्या बंद पोकळीत घुसतो आणि तिथला १ बारचा वायू क्षणात दाबला जातो. उष्णता कुठेच निसटली नाही असं धरून गणित मांडलं तर तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. प्रत्यक्षात पितळ बरीच उष्णता ओढून घेतं, त्यामुळे तितकं होत नाही. पण पोकळीच्या टोकाशी बसलेल्या रबराला आणि त्यावरच्या ग्रीसला पेटायला तितकं लागतही नाही. साध्या हवेत जे नुसतं करपलं असतं, ते शुद्ध ऑक्सिजनमध्ये भडकतं. एकदा रबर पेटलं की त्याच्या उष्णतेने पुढचा भाग पेटतो, आणि असं करत धातूपर्यंत आग जाऊ शकते.

आमच्या शेजारच्या शेडमधला वेल्डर कन्नड बोलणारा आहे. नवा पोरगा कामाला आला की तो ऑक्सिजनच्या सिलिंडरकडे बोट दाखवून पहिलं वाक्य हेच सांगतो, "एण्णी हच्चब्याड." तेल लावू नकोस. गॅस वेल्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. डायव्हिंगच्या धंद्यात ते विसरलं जातं, कारण तिथे सिलिंडरकडे लोक हवेचं सिलिंडर म्हणूनच बघतात.

सगळं रबर जळतं, आणि ऑक्सिजनला दाद न देणारं रबर मला अजून भेटलेलं नाही. फरक असतो तो कुठल्या तापमानाला पेट घेतं आणि पेटल्यावर किती उष्णता सोडतं यात. नायट्राइल लवकर पेटते आणि पेटल्यावर भरपूर उष्णता देते. ईपीडीएम पेटली की तिचीही उष्णता मोठी. व्हायटॉन उशिरा पेटते आणि नायट्राइलच्या साधारण एक तृतीयांशच उष्णता सोडते, त्यामुळे आग पुढे सरकायला कमी बळ मिळतं. टेफ्लॉन याहून चांगलं, पण त्याला लवचीकपणा नाही. सतत दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि परत उसळत नाही. म्हणून ते रिंगेच्या पाठीला आधार म्हणून किंवा वॉशर म्हणून ठीक, ओ-रिंगच्या जागी नाही.

व्हायटॉनची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती पेटलीच तर तिच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, आणि सिलिंडरमधला वायू तर माणसाच्या फुप्फुसात जाण्यासाठीच भरलेला असतो. जळक्या व्हायटॉनची राख उघड्या हाताने कधी उचलू नका. म्हणूनच काही उत्पादक आपल्या ऑक्सिजन किटमध्ये व्हायटॉन देतात तर काही ईपीडीएम, आणि दोघांच्या निर्णयामागे विचार आहे. उत्पादकाने ईपीडीएम दिली असेल तर "व्हायटॉन भारी" म्हणून स्वतःच्या मनाने बदलू नका. त्या घराचं माप, तिथला थंडपणा, बाजूचे भाग, सगळं त्या रबराला धरून ठरवलेलं असतं. साधी व्हायटॉन थंडीत ताठते. मालवणच्या पाण्यात ते जाणवणार नाही, पण वायू जोरात वाहताना रेग्युलेटरचा पहिला टप्पा आतून गार पडतो, तिथे जाणवू शकतं.

४० टक्क्यांवरून होणारा घोळ

"आमचं नायट्रॉक्स ३२ टक्केच आहे, ४० च्या आत सगळं चालतं," हे मला दर सीझनला ऐकवलं जातं. अमेरिकेच्या व्यावसायिक डायव्हिंगच्या नियमांत ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असेल तर उपकरण ऑक्सिजनसाठी बनवलेलं हवं, असं आहे. तिथून ती ओळ सगळीकडे पसरली. युरोपात याहून कडक आहे. तिथे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी व्हॉल्व्हचा आटाच निराळा ठेवला आहे, एम २६.

पण ३२ टक्के ही सिलिंडर भरून झाल्यानंतरची गोष्ट. तयार मिश्रण कॉम्प्रेसरमधून भरून आलं असेल तर व्हॉल्व्हला ३२ टक्केच लागला. आधी शुद्ध ऑक्सिजन सोडून वर हवा भरली असेल तर त्या व्हॉल्व्हने १०० टक्के पाहिला आहे. त्या सिलिंडरला आणि व्हॉल्व्हला ४० टक्क्यांची सवलत नाही. रेग्युलेटरला मिळू शकते, कारण त्याच्याकडे मिश्रणच येतं, पण तेही उत्पादकाच्या पुस्तकात तसं लिहिलेलं असेल तरच. म्हणून सील निवडताना मी टक्के विचारतच नाही. कसं भरता, एवढं विचारतो.

वरून भरायची हवासुद्धा साधी चालत नाही. कॉम्प्रेसरचं तेल वाफेच्या रूपाने हवेत येतं. ऑक्सिजनमध्ये मिसळायच्या हवेत ते घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत हवं. गाळणी जुनी झाली की भरणाऱ्याच्या नकळत व्हॉल्व्हच्या आत तेलाचा पातळ थर बसतो, आणि मग रिंग व्हायटॉनची असली काय नसली काय. मळलेल्या व्हायटॉनपेक्षा स्वच्छ नायट्राइल मला परवडेल.

तिसरी फेरी: तपकिरी रंगाला भुललो

अकरा व्हॉल्व्ह पूर्ण साफ केले. किट वेळेत मिळेना, गणपती जवळ आलेले. बाजारातून "व्हायटॉन" म्हणून तपकिरी रिंगा आणल्या. नव्या, चकचकीत, माप बरोबर. महिनाभरात त्यातल्या तीन व्हॉल्व्हांची तीच तक्रार. काढून बघतो तर रिंगेला दोन्ही बाजूंनी सपाट पट्टा पडलेला. गोल रिंग चौकोनी झालेली. चांगली व्हायटॉन इतक्या लवकर दबून सपाट होत नाही.

शंका आली म्हणून शहापूरला एका सराफाकडे गेलो, काट्यावर वजन करायला. त्याला नवल वाटलं, पण त्याने केलं. व्हायटॉन वजनदार असते, तिची घनता १.८ च्या आसपास. नायट्राइल आणि ईपीडीएमच्या तयार रिंगा साधारण १.१ ते १.३ मध्ये येतात. ११२ नंबरच्या दहा रिंगा व्हायटॉनच्या असतील तर पावणेपाच ग्रॅमच्या जवळ भरतात, नायट्राइलच्या सव्वातीनच्या. माझ्या दहा तपकिरी रिंगा सव्वातीनला थांबल्या. साध्या रबराला तपकिरी रंग दिलेला होता. विकणाऱ्याने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, त्यालाही तशाच मिळाल्या असतील. तेव्हापासून बाहेरून आलेली प्रत्येक पुडी आधी काट्यावर जाते. आता ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा वर्कशॉपमध्येच ठेवला आहे.

वजनाने व्हायटॉन वेगळी काढता येते, पण नायट्राइल आणि ईपीडीएम एकमेकींपासून नाही. त्यासाठी डिझेल. प्रत्येक पुडीतली एक रिंग व्हर्नियरने मोजायची, झाकणाच्या बाटलीत डिझेलमध्ये दोन दिवस ठेवायची आणि परत मोजायची. ईपीडीएम असेल तर फुगलेली नुसत्या डोळ्यांनीही दिसते. नायट्राइल आणि व्हायटॉन जवळजवळ तशाच राहतात. चाचणीची रिंग कचऱ्यात, आणि हे काम ऑक्सिजनच्या टेबलापासून लांब, वेगळ्या खोलीत करायचं. त्यानंतर हात धुऊन हातमोजे बदलायचे.

काही जण काडी लावून बघतात, व्हायटॉन ज्योत काढली की विझते म्हणून. ते करू नका. धुराबद्दल वर लिहिलंच आहे.

या दोन चाचण्यांनी रबराची जात कळते, गुणवत्ता नाही. ऑक्सिजनच्या कामाला शक्यतो उत्पादकाच्या बंद पुडीतलीच रिंग घ्या. मी बाजारातली चाचणी करून वापरतो ती फक्त हवेच्या सामानाला. ही रेघ मी त्या तीन व्हॉल्व्हांनंतर आखली.

चौथी फेरी: साफ करतानाच बिघडली

आता उत्पादकाच्या खऱ्या व्हायटॉन रिंगा आल्या. बसवल्या, हौदात बुडवून बघितलं, काही नाही. तिसऱ्या दिवशी अकरापैकी दोन गळायला लागले. दोन्हींच्या रिंगा किंचित ढिल्या, फुगल्यासारख्या. व्हॅसलिन तर नव्हतंच. मग आठवलं, त्या दिवशी मदतीला असलेल्या मुलाला मी रिंगा पुसायला सांगितलं होतं. त्याने रंगाच्या कामासाठी ठेवलेलं ॲसिटोन घेतलं. तेल काढायला ॲसिटोन उत्तम, पण व्हायटॉनला ते सोसत नाही, फुगवतं. नायट्राइललाही फुगवतं. गंमत अशी की ईपीडीएमला ॲसिटोन चालतं आणि तेल चालत नाही, व्हायटॉनला तेल चालतं आणि ॲसिटोन चालत नाही. मुलाचा दोष नव्हता, सांगायला मी हवं होतं. आता माझ्याकडे रिंग पुसलीच जात नाही. बंद पुडीतून निघते ती थेट घरात बसते.

त्या दोनपैकी एक नवी रिंग घालूनही गळतच राहिला. भिंगाखाली धरला तेव्हा दांडा जिथून जातो त्या भोकाच्या भिंतीवर उभा ओरखडा दिसला. कुणीतरी जुनी रिंग काढताना लोखंडी टोक वापरलं असणार. इतक्या बारीक रेघेतूनही वायू निघत राहतो. पॉलिश पेपरने घासायचा मोह होतो, पण तसं करू नका. माप वाढतं आणि घासलेला धातूचा कण आत राहिला तर ऑक्सिजनच्या झोतात तोच ठिणगी पाडू शकतो. तो भाग बदलला. रिंग काढायला पितळेचा किंवा प्लास्टिकचा आकडा वापरावा. लोखंडी टोचा त्या टेबलावर असूच नये.

ग्रीस, साफसफाई, बसवणं

ग्रीस एकाच जातीचं: परफ्लुओरोपॉलिइथर तेलावर बनवलेलं. बाजारात ख्रिस्टो-ल्यूब, क्रायटॉक्स, ट्रायबोल्यूब या नावांनी मिळतं. इवल्याशा ट्यूबला बरेच पैसे पडतात, म्हणून लोक सिलिकॉन ग्रीसवर येतात. सिलिकॉन ग्रीस हवेच्या रेग्युलेटरला ठीक, पण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेही जळतं. महाग ग्रीस लागतं किती? रिंगेवर नुसती चमक दिसली पाहिजे, थर नाही. एक ट्यूब मला दोन सीझन पुरते. हे ग्रीस तिन्ही जातींच्या रबराला चालतं, म्हणून रिंग कुठली हे नक्की नसेल तरी ग्रीसमुळे ती फुगण्याची भीती नाही.

साफसफाईत मी घाई करत नाही. सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात, ऑक्सिजनच्या कामासाठी ठरलेल्या डिटर्जंटमध्ये, अल्ट्रासॉनिक यंत्रात. मग भरपूर पाणी, शेवटी डिस्टिल्ड पाणी. वाळवायला तेल नसलेला नायट्रोजन. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा त्यावर मारू नका, ती तेलाने भरलेली असते. वाळल्यावर अंधारात अतिनील दिव्याखाली बघायचं. पुष्कळ तेलं निळसर-पांढरी चमकतात. सगळी चमकत नाहीत, म्हणून पांढऱ्या, धागे न सुटणाऱ्या कापडानेही पुसून बघायचं आणि धातूवर पाणी सोडायचं. स्वच्छ धातूवर पाण्याचा सलग पडदा राहतो, तेल असेल तिथे तो फाटतो आणि थेंब होतात. बेळगावचा पाऊस लागला की वर्कशॉपमध्ये काहीच लवकर वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत मी साफ केलेले भाग लगेच बंद पिशवीत घालतो.

रिंगा ठेवताना वेल्डिंग मशीन आणि मोटरच्या जवळ ठेवू नका. तिथे ओझोन तयार होतो आणि ताणलेल्या नायट्राइलला त्याने बारीक आडव्या भेगा पडतात. व्हायटॉन आणि ईपीडीएमला ओझोनचं फारसं काही वाटत नाही. पण तारेला किंवा खिळ्याला लटकवलेल्या रिंगा, त्याही खिडकीच्या उन्हात, हे आपल्याकडे सगळीकडेच असतं, आणि त्यात बहुतेक नायट्राइलच असतात.

मानेची रिंग, म्हणजे पाऊण इंची मानेवर २१४ नंबरची, कडक घेतलेली बरी. शोअर ए मापात (रबराचा कडकपणा मोजायचं माप) ९० ची रिंग फटीत कमी सरकते. फक्त ती बसवताना मानेचा वरचा काठ तपासा. व्हॉल्व्ह फिरवताना काठाची धार रिंगेचा तुकडा काढते आणि तो तुकडा सिलिंडरमध्ये पडतो. त्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळणारेही भेटले आहेत, नळाला गुंडाळतात तशी. तिथे वायूला अडवते ती रिंग, आटा नाही. टेपचा तुकडा सुटून व्हॉल्व्हच्या वाटेत जातो, एवढंच त्यातून होतं.

आणि सगळं बरोबर बसवल्यावरही व्हॉल्व्ह हळू उघडायचा. ऑक्सिजन भरताना मिनिटाला ५ बारच्या आतच चढवायचा. हे शिक्षण घेतलेल्या माणसाचं काम आहे. घरच्या अंगणात, वेल्डिंगच्या सिलिंडरवरून नळी जोडून करायचं नाही. असं करणारा कुणी माहीत असेल तर त्याला आजच फोन करा.

तो व्हॉल्व्ह आता दोन सीझन झाले गळलेला नाही. पोरगा दर पावसाळ्यात सगळे अकरा घेऊन स्वतः येतो, एसटीने, पिशवीत वेगवेगळे गुंडाळून.

तुमचा असा व्हॉल्व्ह कुणाकडे दुरुस्तीला पाठवणार असाल, तर जुनी रिंग फेकू नका. पुसू नका, धुऊ नका, तशीच छोट्या पिशवीत घालून सोबत द्या. एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: सिलिंडर कसं भरता, मागच्या वेळी कुठलं ग्रीस लावलं आणि गळती कुठल्या जागेवरून दिसली. सपाट झालेली, फुगलेली, कुरतडलेली की भेगाळलेली, हे ती रिंगच सांगते. निम्मं काम तिथेच होतं.